झाइनिची कोरियन: चौथ्या पिढीने जपानी नागरिकत्व घ्यावं का?

ओसाकाकर (धागाकर्ता):
झाइनिची म्हणजे कोरिया जपानची वसाहत असताना जपानमध्ये आलेले कोरियन आणि त्यांचे वंशज. त्या लोकांचं जपानी नागरिकत्व २८ एप्रिल १९५२ला, दुसऱ्या महायुद्धानंतरचा सॅन फ्रान्सिस्को शांतता करार अमलात आला त्या दिवशी, एका सरकारी परिपत्रकाने गेलं. कुणाला विचारलंही नाही. त्यांची पतवंडं आज ओसाकाच्या इकुनो भागात वाढतात, घरीदारी जपानीच बोलतात, पण कागदोपत्री परदेशी. १९९१च्या कायद्याने 'विशेष कायम रहिवासी' हा दर्जा दिला, मतदानाचा हक्क नाही. सरकारी शाळेतही त्यांना बहुतेक ठिकाणी नियमित शिक्षकाऐवजी 'बिनमुदतीचा पूर्णवेळ व्याख्याता' म्हणून घेतात, त्यामुळे मुख्याध्यापकपदाचा रस्ता बंद. मुलांनी पणजोबांची शिक्षा का भोगायची? नागरिकत्व घ्यावं.

मृदुला:
ज्याने हिरावलं त्याच्याच दारात अर्ज घेऊन उभं राहायचं? आणि तो मंजूर करणं हा न्यायमंत्र्यांच्या मर्जीचा भाग, अर्जदाराचा हक्क नव्हे. परदेशी राहूनच या लोकांनी किती मिळवलं ते बघा. जपानी नावाने अर्ज केला म्हणून हिताची कंपनीने नोकरी नाकारलेल्या झाइनिची तरुणाने १९७४ला योकोहामा न्यायालयात खटला जिंकला. कायम रहिवाशांवरची बोटांच्या ठशांची सक्ती १९९३ला उठली. सगळे जपानी झाले असते तर हे लढे कोण लढलं असतं?

ओसाकाकर:
त्या वाटेची हद्द २००५ला दिसली. टोकियोच्या झाइनिची सरकारी आरोग्यसेविकेला, ती जपानी नागरिक नाही म्हणून, बढतीच्या परीक्षेला बसू न देणं सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवलं. हा निकाल उलटायची वाट किती पिढ्यांनी पाहायची?

कागदपत्रवाला:
घ्यायचं ठरलंच तर घोडं कुठे अडतं ते सांगतो. न्याय मंत्रालयाच्या विधी व्यवहार कार्यालयात आधी वेळ घेऊन भेटायचं. कोरियन वाणिज्य दूतावासातून मूलभूत, कुटुंबसंबंध आणि विवाहाचे दाखले, शिवाय २००८पूर्वीच्या कुटुंबनोंदवहीच्या नकला काढायच्या. प्रत्येकाचं जपानी भाषांतर, खाली भाषांतरकाराचं नाव आणि तारीख. अर्जाला फी नाही, निकालाला साधारण वर्ष लागतं.

खरी पंचाईत कोरियातल्या मूळ नोंदणी-पत्त्याची, म्हणजे ज्या पत्त्यावर कुटुंबाची नोंदवही आहे त्याची. तो ठाऊक नसेल तर दूतावासाला नोंद सापडत नाही. अशा वेळी इमिग्रेशन खात्याकडून आजोबांची जुनी परकीय-नोंदणी पत्रकं मागवा. ती पद्धत २०१२ला बंद झाली, मूळ पत्रकं मात्र जपून ठेवली आहेत आणि त्यांवर बहुधा तो पत्ता असतो. दुसरी अडचण: आजी-आजोबांनी लग्न आणि मुलांचे जन्म जपानी वॉर्ड कार्यालयात नोंदवले, कोरियात कळवलेच नाहीत, म्हणून तिकडच्या वहीत वडील जन्मलेलेच नसतात. तिथे वॉर्डातल्या मूळ नोंदणी-अर्जाच्या मजकुराचा दाखला कामी येतो.

मंजुरी आली की दक्षिण कोरियाचं नागरिकत्व आपोआप जातं, पण ते दूतावासाला कळवावं लागतं. न कळवल्यास वहीत नाव तसंच राहतं आणि पुढे तिकडच्या वारसाहक्कात घोळ होतो.

मृदुला:
तपशील उपयोगी आहेत, पण ते दक्षिण कोरियात नोंद असलेल्यांसाठी. ओळखपत्रावर राष्ट्रीयत्वाच्या जागी 'चोसेन' (फाळणीपूर्वीचा कोरिया) असा शेरा असलेल्यांचं काय? तो शेरा म्हणजे कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हे. शिवाय एकाच घरात आजोबा चोसेन, वडील दक्षिण कोरियन आणि आई जपानी असल्यास मुलगी जन्मतःच जपानी, कारण १९८५पासून आईकडूनही नागरिकत्व मिळतं. तिच्यापुरता तुमचा प्रश्न जन्मालाच सुटला. तरी शाळेत कोरियन आडनाव लावायचं की जपानी, हे त्या घराला ठरवावं लागतंच. आणि नागरिकत्व घेताना नावातलं एखादं चिनी चिन्ह जपानच्या मान्य यादीत नसेल तर ते बदला किंवा काना या जपानी उच्चारलिपीत लिहा, असं सांगतात.

ओसाकाकर:
चिन्ह बदललं तरी आडनाव कोरियनच ठेवता येतं, आज अनेक जण ठेवतात. जपानी पासपोर्टावर कोरियन नाव असलेला मतदार मला हवा आहे, कारण तो आमदाराला जाब विचारू शकतो.

मृदुला:
मग कर भरणाऱ्या कायम रहिवाशाला स्थानिक मतदान द्या. तसा कायदा करायला घटनेची आडकाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५लाच म्हटलं आहे. संसदेने तो अजून केलेला नाही.