पाम टंगस्टन ई२ : २,८०० रुपयांत घ्यावा की सोडावा?

रामबागवाला
इंदुरात जेल रोडवर एका दुकानात पाम टंगस्टन ई२ आहे, म्हणजे तो खिशात मावणारा जुना डिजिटल डायरीवाला संगणक. चार्जर आणि स्टायलस (लिहायची काडी) आहे, डेटा केबल नाही. २,८०० मागतोय. काम विम्याचं: तीनेकशे ग्राहक, हप्त्यांच्या तारखा, पत्ते, नंबर. हे सगळं फोनपासून वेगळं ठेवायचंय. नेट नको, जाहिराती नकोत. घ्यावा का? जुन्या दिवसांच्या आठवणी नकोत, कामाचं बोला.

चिमणबाग
घ्या, पण आधी तो ई२च आहे का ते बघा. २००३चा टंगस्टन ई आणि २००५चा ई२ समोरून जवळजवळ सारखे दिसतात आणि दुकानदार दोन्ही एकाच नावाने विकतात. खालचं तोंड बघा. छोटं मिनी यूएसबीचं भोक असेल तर तो साधा ई. रुंद, चपटं कनेक्टर असेल तर ई२. शिवाय ई२मध्ये ब्लूटूथ आहे, ईमध्ये नाही. हा फरक तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा, कारण ईची मेमरी विजेवर जिवंत राहते. बॅटरी पूर्ण उतरली की तीनशे ग्राहक गेले. ई२ची मेमरी फ्लॅश, बॅटरी संपली तरी नोंदी जागेवर. फक्त तारीख-वेळ पुन्हा लावून घ्यावी लागते.

तुमच्या कामाला त्याचं कॅलेंडर चपखल बसतं. हप्त्याची नोंद करा, रिपीटमध्ये महिना निवडून ‘दर ३’ लिहा, की तिमाही झाली. ६ लिहिलं की सहामाही. अलार्म दिवसांत मागे लावता येतो, म्हणजे देय तारखेच्या ७ दिवस आधी तो वाजेल. दुसरी नोंद सवलतीच्या मुदतीच्या (ग्रेस पिरियडच्या) शेवटच्या दिवसाची करा: मासिक हप्त्याला १५ दिवस, बाकीच्यांना ३०.

खजुरीबाजार
असहमत. यंत्र चांगलं आहे यात वाद नाही. पण नोंदी आत जाणार कशा आणि बाहेर येणार कशा, यावर वरच्या उत्तरात एक ओळ नाही. पाम कंपनी २०१० मध्ये एचपीने घेतली आणि २०११ मध्ये पामचं हार्डवेअर बंदच केलं. पाम डेस्कटॉप म्हणजे संगणकावरचा पामचा प्रोग्राम, त्याचा यूएसबी ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाही. म्हणजे केबल मिळाली तरी आजच्या लॅपटॉपवर त्या ड्रायव्हरने ती नुसती लोंबकळणार. तीनशे पत्ते स्टायलसने एकेक अक्षर काढून भरणार का? तेही ग्राफिटी २ या पामच्या अक्षरं काढायच्या पद्धतीत, जिथे ‘t’ आणि ‘i’ दोन-दोन रेघांत काढावे लागतात?

आणि मराठी नावं विसरा. या यंत्राला देवनागरी कळत नाही. फोनमधून ‘कुलकर्णी’ देवनागरीत पाठवलंत तर तिकडे भलतीच न वाचता येणारी चिन्हं उमटतात.

सुदामानगर_दोन
@खजुरीबाजार केबलचा मुद्दा बरोबर, निष्कर्ष चुकीचा. ब्लूटूथवरून हॉटसिंक (पाम आणि संगणकातल्या नोंदी जुळवणं) ६४-बिट विंडोजवरही होतं. आधी लॅपटॉप आणि पाम पेअर करा. विंडोजच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये इनकमिंग सीओएम पोर्ट (आत येणाऱ्या जोडणीचं दार) तयार करा आणि त्याचा नंबर लिहून ठेवा. हॉटसिंक मॅनेजरमध्ये ‘लोकल सीरियल’वर खूण करून तोच नंबर द्या. मग पामवर प्रेफ्स (सेटिंग), कनेक्शन, न्यू, ‘पीसी’, ‘ब्लूटूथ’. अडकतं ते बहुतेक वेळा पोर्टच्या नंबरावर: विंडोज आउटगोइंगचाही एक पोर्ट बनवतं आणि लोक तो भरून बसतात.

लॅपटॉप नकोच असेल तर फोनवरून संपर्कांची व्हीसीएफ फाइल ब्लूटूथने पाठवा. नावं आधी रोमनमध्ये करून घ्या. सगळे एकदम न पाठवता वीस-पंचवीसच्या तुकड्यांत पाठवा. उलट दिशेला कॉन्टॅक्ट्सच्या मेनूत ‘सेंड कॅटेगरी’ आहे, अख्खी यादी फोनवर उतरते.

खजुरीबाजार
कॉन्टॅक्ट्सचं झालं. कॅलेंडरचं काय? हॉटसिंक नसेल तर तिथे नोंद उघडून एकेक पाठवावी लागते. विमावाल्याची खरी इस्टेट कॅलेंडरातच असते, आणि तीच अडकून पडते.

शिवाय एक गोष्ट कुणी बोललं नाही. पामच्या तारखेत वर्षासाठी फक्त ७ बिट आहेत, १९०४ पासून मोजतात, म्हणून ३१ डिसेंबर २०३१ नंतर कॅलेंडर नाही. वीस वर्षांच्या पॉलिसीची मुदतपूर्ती त्यात भरताच येणार नाही.

चिमणबाग
मुदतपूर्तीची तारीख कॉन्टॅक्टच्या नोटमध्ये लिहा, अक्षर म्हणून. तिला अलार्म लागत नाही, हप्त्याला लागतो. २०३१चा मुद्दा मात्र मान्य. हे यंत्र त्यापुढे नेण्याचा विचारच करू नका.

लोकमान्यनगर
बंधूंनो, एवढी मारामारी करण्यापेक्षा सायन ५एमएक्स हा जुना उघडझापीचा छोटा संगणक बघा ना! दोन एए सेल, खरा कीबोर्ड, कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. सेल किराणा दुकानातही मिळतात.

सुदामानगर_दोन
आणि उघडझाप करून स्क्रीनची रिबन केबल तडकते. आधी स्क्रीनवर रेघा, मग अंधार. त्याचीही मेमरी विजेवरच. मोठे सेल आणि आतला छोटा बॅकअप सेल दोन्ही उतरले की पाटी कोरी. लिहिण्याची मजा असेल तर सायन जरूर घ्या. हप्त्यांसाठी नको.

राहिली ई२ची बॅटरी. किमतीचा निकाल तिथेच लागतो. वर्षानुवर्षं रिकामी पडलेली लिथियम बॅटरी चार्जरला लावली तर बॅटरीचं चित्र भरलेलं दाखवते आणि बॅकलाइट लावताच धाडकन खाली येते. म्हणून दुकानात पूर्ण उजेडावर ठेवून अर्धा तास वापरा, चित्र बघत राहा. केस कडेला फुगलेली असेल किंवा स्क्रीन एका बाजूने उचललेली असेल, तर परत ठेवा. सेल बदलता येतो, पण जाडी आधी मोजावी लागते आणि जोडण्याआधी मीटरने प्लस-मायनस बघावं लागतं. नुसत्या तारांच्या रंगावर जाऊ नका.

टचही तपासा: नोट पॅडमध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सावकाश तिरकी रेघ ओढा. सगळी रेघ एकाच बाजूला सरकत असेल तर प्रेफ्समधून टचस्क्रीन पुन्हा जुळवली की सुटतं. मधेच उडी मारत असेल तर ते काही जुळणाऱ्यातलं नाही. खालचा छापील लिहायचा चौकोन वेगळा घासून बघा, आधी तोच झिजतो.

रामबागवाला
एसडी कार्डवर बॅकअप होतो का? केबलशिवाय?

चिमणबाग
होतो. एनव्हीबॅकअप नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे, तो ब्लूटूथने फोनवरून पाठवा. कार्ड साधं एसडी घ्या, २ जीबीपर्यंतचं. हल्लीची ४ जीबी आणि वरची कार्डं एसडीएचसी किंवा एसडीएक्ससी असतात, ती ई२ स्वतःहून ओळखत नाही.

खजुरीबाजार
आणि आज साधं २ जीबी शोधायला निघालात की भिया, अख्खा जेल रोड पालथा घालाल. कार्डासकट देत असेल तर दीड हजार द्या. त्यावर एक रुपया नाही. ग्राहकांची माहिती आहे, म्हणून आधी जुन्या मालकाचं सगळं पुसा: पॉवर दाबून धरा, मागच्या भोकात स्टायलसने रीसेट दाबा, लोगो आला की पॉवर सोडा, विचारल्यावर समोरच्या मधल्या बटणाची वरची बाजू दाबा. मग सिक्युरिटीत पासवर्ड आणि ऑटो लॉक. तरीही माझ्या मते पानाला तारीख छापलेली डायरी स्वस्त आणि २०३१ नंतरही मिळेल.

सुदामानगर_दोन
डायरी ७ दिवस आधी वाजत नाही.