हतनूर बॅकवॉटर: उन्हाळ्यात पाणी हिरवं, टीसीएल (ब्लिचिंग पावडर) वाढवला तरी वास

रावेरकर: आमची जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला, म्हणजे मागे तुंबलेल्या पाण्याला आहे. एप्रिलपासून पाणी हिरवट, कुबट. टीसीएल दुप्पट केला तर वास आणखीच उग्र. साध्या ग्रामपंचायतीला काय करता येईल?

पूर्णाकाठ: हतनूर हे जळगाव जिल्ह्यातलं तापीवरचं पसरट, उथळ धरण. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम होतो आणि दोन्ही नद्या फुगवट्यात आपापला माल आणून टाकतात. पूर्णा वऱ्हाडची काळी माती आणते, शिवाय तिला मिळणाऱ्या मोर्णा नदीतून अकोल्याचं सांडपाणी. तापीवर वर बुऱ्हाणपूर. पावसाळ्यात ४१ दरवाजे उघडले की पूर निघून जातो, पण जड गाळ संथ पाण्यात तळाला बसतोच. उन्हाळ्यात पाणी उथळ, ऊन कडक, सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद आयतंच हजर. शेवाळ माजणारच. टीसीएलने शेवाळ फुटतं, आतला वास पाण्यात उतरतो. म्हणून आधी शेवाळ काढा, क्लोरीन नंतर.

जॅकवेलवाला: पूर्णाकाठ बरोबर. आता करायचं ते. सक्शन (पंपाच्या ओढणाऱ्या पाइपचं तोंड) तळाला असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, अगदी वर असेल तर हिरवी साय ओढली जाते. तरंगत्या पिंपाला बांधून तोंड पृष्ठभागाखाली मीटर-दीड मीटरवर ठेवा. पाणी पहाटे उचला. दुपारी शेवाळामुळे पीएच चढतो, मग तुरटीही नीट चालत नाही आणि क्लोरीनही.

तुरटी अंदाजाने ओतू नका. १० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवा. कच्च्या पाण्याच्या एक-एक लिटरच्या चार बरण्यांत हे द्रावण २, ३, ४, ५ मिली घाला. मिनिटभर जोरात, पंधरा मिनिटं हळू ढवळा, अर्धा तास ठेवा. ज्या कमीत कमी मात्रेत पाणी निवळलं ती तुमची. ३ मिलीवर निवळलं तर लाख लिटरला ३ किलो.

टीसीएल पाणी गाळून झाल्यावरच घाला. लाख लिटरला २ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन द्यायचं तर ३३ टक्के क्लोरीनची पावडर ६०० ग्रॅम. पोतं उघडं पडून २० टक्क्यांवर आलं असेल तर तेच काम १ किलोने होतं. घोळ बहुतेक इथेच असतो. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (उरलेला क्लोरीन रंगावरून तपासणं), शेवटच्या नळालाही ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर दिसलं पाहिजे.

रावेरकर: मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकून शेवाळ मारू का?

पूर्णाकाठ: नको दादा. निळं-हिरवं शेवाळ एकदम मेलं की त्यातलं विष पाण्यात सुटतं, आणि ते उकळून जात नाही. मासेही मरतात. पाण्यावर रंगासारखी हिरवी साय साचली असेल त्या दिवशी तिथून उपसाच बंद, गुरांनाही लावू नका. नमुना जिल्हा प्रयोगशाळेला द्या.