पत्ताही द्या, कोपराही द्या

पत्त्यांच्या जादूतला फाटक्या कोपऱ्याचा खेळ (प्रेक्षकाने निवडलेल्या पत्त्याचा कोपरा फाडून त्याच्या मुठीत द्यायचा, पत्ता गायब करायचा आणि तो दुसरीकडे सापडला की कोपरा त्याला जुळतो हे दाखवायचं) संपल्यावर लोक ‘तो पत्ता आम्हाला द्या’, ‘आता कोपराही जोडून दाखवा’, ‘परत एकदा करा’ म्हणतात, त्यांना काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंत. पहिल्या मागणीला माझं उत्तर सोपं आहे : देऊन टाका, दोन्ही तुकडे. कॅटात 52चे 51 पत्ते राहतील, एवढंच. या खेळाला मी साधा कागदी कॅटच वापरतो. प्लॅस्टिकचे पत्ते नीट फाटतही नाहीत.

कोपरा जोडायच्या भानगडीत मात्र पडू नका. तो कोपरा म्हणजे प्रेक्षकाच्या मुठीतली पावती. तीच नाहीशी केलीत तर पुरावा काय उरला? भाच्याच्या मुंजीत एका मुलीने हाच हट्ट धरला, तेव्हा मी पत्ता तिच्याच हातात दिला आणि म्हटलं, ‘तूच लावून बघ, बाळा.’ बदाम सत्ती होती. साताची आडवी रेघ कोपऱ्यावर, खालचं शेपूट पत्त्यावर. तिने फाटलेल्या कडेचे पांढरे तंतू एकमेकांत बसवले आणि मान वर करून आईकडे बघितलं. त्या वेळी आपण गप्प राहायचं, एक शब्दही बोलायचा नाही.

‘परत एकदा’ला प्रेमाने नकार द्या आणि लगेच वेगळा खेळ सुरू करा. दुसऱ्या वेळी नजर कुठे ठेवायची हे त्यांना कळलेलं असतं.