मदत हवी आहे: हमोंग समाजातले आमदार घडले कसे? मिनेसोटाच्या राजकारणाची माहिती असणाऱ्यांनी कृपया सांगावं

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकासाठी दीर्घ लेख लिहायला घेतलाय. विषय आहे अमेरिकेतल्या हमोंग समाजातून निवडून आलेले आमदार, आणि त्यातही काओली हर. २०१८ साली मिनेसोटाच्या विधानसभेत गेलेल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मिनेसोटाची राजधानी सेंट पॉलच्या महापौरपदाची निवडणूक जिंकलेल्या या बाई. वाचन बरंच झालंय, पण काही गोष्टी नुसतं वाचून कळत नाहीत. तिकडे राहणारे, पक्षाच्या कामात थोडेफार असणारे कुणी इथे असाल तर मला तुमची गरज आहे.

ज्यांना हमोंग हे नावच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. लाओसच्या डोंगरांत राहणारा हा समाज. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सीआयएने जनरल वांग पाओ यांच्या हाताखाली हमोंग तरुणांची गुप्त फौज उभी केली. मे १९७५ मध्ये अमेरिकेने वांग पाओ आणि काही मोजक्या लोकांना विमानाने बाहेर काढलं, बाकीचे मागे राहिले. सूड घेतला जाणार हे उघड होतं. लोक जंगलातून चालत मेकाँगपर्यंत आले, रात्रीच्या अंधारात नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत पोचले आणि तिथून अमेरिकेत.

सेंट पॉलच्या हमोंगटाउन बाजारात भरतकामाचं एक कापड बघायला मिळालं. निळी नदी तिरकी वाहतेय, त्यात बांबूच्या मोळ्या धरून पोहणारी माणसं, पाठीला बांधलेली मुलं, काठावर बंदूकवाले सैनिक. टाके इतके बारीक, की एका बाईच्या झग्याच्या काठावरची नक्षीसुद्धा ओळखू येत होती. शेजारच्या गाळ्यात खलबत्त्यात कच्च्या पपईचं सॅलड कुटत होते आणि खांबावर निवडणुकीची पत्रकं चिकटवलेली होती. या लेखाची कल्पना तिथेच सुचली.

आता मूळ मुद्दा. आलेल्या लोकांपैकी कित्येकांना इंग्रजी येत नव्हतं. हमोंग भाषेची आज सर्वाधिक वापरात असलेली रोमन लिपी १९५० च्या दशकातली, त्यामुळे आपल्या भाषेत लिहिता-वाचता येणारेही थोडेच. असा समाज अवघ्या पंचवीस-तीस वर्षांत विधिमंडळात पोचतो, तोही राखीव जागा नसताना.

माझ्या समजुतीप्रमाणे पहिला धक्का १९९६ चा. त्या वर्षीच्या कल्याणकारी योजनांच्या कायद्याने नागरिक नसलेल्यांची बरीचशी मदत बंद केली. युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेले म्हातारे सैनिकही त्यात सापडले. राजकारण म्हणजे काय ते अनेक घरांना तेव्हा कळलं. मग सेंट पॉलचे खासदार ब्रूस व्हेंटो यांनी वर्षानुवर्षं लावून धरलेला कायदा २००० साली झाला आणि हमोंग सैनिकांना व त्यांच्या जोडीदारांना नागरिकत्वासाठीची इंग्रजीची अट माफ झाली. जास्तीत जास्त ४५,००० जणांना ही सवलत मिळणार होती.

पाठोपाठ जानेवारी २००२ ची पोटनिवडणूक. सेंट पॉलच्या ईस्ट साइड भागाचे राज्य सिनेटर रँडी केली महापौर झाले, जागा रिकामी झाली आणि मी मुआ (Mee Moua) या बाई निवडून आल्या. लाओसमध्ये जन्म, १९७८ साली अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये वाढलेल्या, ब्राउन विद्यापीठ, टेक्सासमधून सार्वजनिक धोरणाची पदवी, मग मिनेसोटातून कायद्याची. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळात पोचलेली ही पहिली हमोंग व्यक्ती. पुढे त्या सिनेटच्या न्यायविषयक समितीच्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात चित्रकार साय थाओ कनिष्ठ सभागृहात निवडून आले.

इथवर गोष्ट सरळ वाटते: समाज एका भागात एकवटला, नागरिकत्व मिळालं, मतदान झालं. पण काओली हर यांच्या बाबतीत हे लागू पडत नाही. त्यांचा ६४-अ हा मतदारसंघ सेंट पॉलच्या पश्चिम भागातला, बहुसंख्य गोरा. त्यांनी आधी वित्तक्षेत्रात नोकरी केली, मग शाळा मंडळाच्या प्रशासनात, मग महापौर मेल्व्हिन कार्टर यांच्या धोरण संचालक म्हणून. म्हणजे फायली, अंदाजपत्रकं, ठरावांचे मसुदे. पुढे त्याच कार्टर यांना त्यांनी निवडणुकीत हरवलं.

मिशिगनच्या माय शाँग यांचंही तसंच. थायलंडच्या छावणीत जन्म, आधी मॅकोम्ब काउंटीच्या मंडळावर, मग एप्रिल २०२४ च्या पोटनिवडणुकीत वॉरन भागातून आमदार. त्या विजयाने डेमोक्रॅटिक पक्षाचं ५४-५४ वर अडकलेलं बहुमत परत आलं. तिथे हमोंग मतं आहेत तरी किती!

तर मला हवंय ते असं. एक, मिनेसोटात उमेदवारी मिळवण्याची सुरुवात म्हणे वस्तीपातळीवरच्या सभेपासून होते. ती आतून कशी असते? नवखा माणूस तिथे काय करू शकतो? दोन, महापौरांच्या कार्यालयातला धोरण संचालक रोज नेमकं काय करतो, आणि त्याचा आमदारकीला खरोखर उपयोग होतो का? तीन, यांचं विधिमंडळातलं काम तपासायचं तर कुठे बघू? मुलाखती भरपूर सापडतात, पण त्या सगळ्या 'छावणी ते विधानभवन' अशाच. या लोकांना फक्त त्यांच्या दुःखापुरतं मोजणं मला मान्य नाही. त्यांनी काय काम केलं ते लिहायचंय.

प्रतिसाद १

विषय फार चांगला घेतलात. मी मिनीॲपोलिसजवळ राहतो आणि डीएफएलच्या, म्हणजे इथल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या, सभांना जातो. (१९४४ साली डेमोक्रॅटिक आणि फार्मर-लेबर पक्ष एकत्र आले, त्यामुळे नाव वेगळं.)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: निवडणुकीच्या वर्षी ऐन थंडीत, शाळेच्या नाहीतर समाजमंदिराच्या हॉलमध्ये सभा भरते. तुमच्या मतदान केंद्राच्या परिसरातले लोक एका टेबलाभोवती बसतात. वीस-पंचवीस माणसं आली तरी खूप. कुणीही उठून ठराव मांडू शकतो. मग पक्षाच्या पुढच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडायचे. बऱ्याचदा प्रतिनिधींच्या जागा जास्त आणि इच्छुक कमी, म्हणून हात वर केला की झालात प्रतिनिधी. त्या अधिवेशनात ६० टक्के मतं मिळाली तर पक्षाचा अधिकृत पाठिंबा. नंतर ऑगस्टमध्ये प्राथमिक निवडणूक, म्हणजे मतदारांनी पक्षाचा उमेदवार ठरवायची फेरी, असतेच. थोडी पण ठाम माणसं वेळेवर हजर राहिली तर चित्र पालटतं. लहान समाजाला हे दार कायद्याने नव्हे, पण व्यवहारात उघडं असतं. कामाच्या पाळ्या, लहान मुलं, भाषा यांमुळे ज्यांना रात्री तीन तास बसता येत नाही ते मात्र बाहेर राहतात, हेही लिहा.

एका गोष्टीवर मतभेद आहे. मुआंच्या वेळीही नुसत्या हमोंग मतांवर निवडून येणं शक्य नव्हतं. ईस्ट साइड ही जुनी कामगार वस्ती, हमोंग तिथे बहुसंख्य नव्हते. हमोंग मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले हे खरंच, पण गोऱ्या शेजाऱ्यांच्या दारावरही थाप मारावी लागली. त्यामुळे 'आधी समाजाची मतं, नंतर धोरणाचं काम' अशी दोन टप्प्यांची मांडणी करू नका. धोरणाची पदवी तर मुआंकडेही होतीच.

प्रतिसाद २

फू ली यांना वगळू नका. २०१६ साली उत्तर मिनीॲपोलिसमध्ये वीसेक वर्षं आमदार असलेल्या जो म्युलरी यांना त्यांनी प्राथमिक फेरीतच हरवलं. पुढे ते सार्वजनिक बांधकाम निधीच्या समितीचे अध्यक्ष झाले. ही समिती समजून घेतलीत तर तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळेल. पूल, पाणीपुरवठा, महाविद्यालयांच्या इमारती यांसाठी राज्य रोखे काढतं, आणि त्या विधेयकाला दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश मतं लागतात. कनिष्ठ सभागृहात १३४ पैकी ८१. म्हणजे विरोधकांना बरोबर घेतल्याशिवाय एक वीटही बसत नाही. २०२३ साली सुमारे २.६ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर झाला तो ली अध्यक्ष असताना. कुणाच्या गावाची पाण्याची टाकी यादीत घ्यायची आणि कुणाची पुढच्या खेपेला, या वाटाघाटी म्हणजे खरं आमदारपण.

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधेयकाचा प्रवास आणि समित्यांच्या बैठकांची चित्रणं आहेत, फुकट. मंजूर झालेलीच विधेयकं बघू नका. मुख्य प्रस्तावक कोण, समितीत कुठे अडलं, पुढच्या वर्षी परत आणलं का, ते बघा.

प्रतिसाद ३

शाळा मंडळ विसरू नका! चुआ ली १९९१ मध्ये सेंट पॉलच्या शाळा मंडळावर निवडून आल्या, मुआंच्या दहा वर्षं आधी. अमेरिकेत निवडून आलेल्या त्या पहिल्या हमोंग. मुलांच्या शाळेपासून सुरुवात होणं साहजिक आहे, कारण शाळेतून आलेली पत्रं आईवडिलांना मुलंच वाचून दाखवायची.

आणि कुणीतरी श्री ठाणेदारांचं नाव काढणारच, म्हणून आधीच सांगते. आपले बेळगावचे, मिशिगनच्याच विधानसभेत होते, आता खासदार. पण ते यशस्वी उद्योजक, प्रचाराला स्वतःचे पैसे घालू शकले. निर्वासितांच्या मुलांची वाट वेगळी. तुलना केलीत तर पैशाच्या अंगाने करा, 'दोघेही स्थलांतरित' एवढ्यावर सोडू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार, तिघांचेही. ६० टक्क्यांची अट आणि रिकाम्या राहणाऱ्या प्रतिनिधींच्या जागा, हे मला कुठल्याच लेखात सापडलं नव्हतं. ईस्ट साइडच्या मुद्द्यावर जुनी मतदानकेंद्रनिहाय आकडेवारी बघते आणि मगच तो भाग लिहिते. ठाणेदारांबद्दलची सूचनाही पटली.

दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. महापालिकेच्या किंवा राज्याच्या धोरण विभागात काम केलेलं कुणी आहे का? मिनेसोटातलंच हवं असं नाही, अमेरिकेतलं कुठलंही मोठं शहर चालेल. मला हे समजून घ्यायचंय: अंदाजपत्रक मांडायच्या आधीच्या महिन्यात त्या टेबलावर काय काय येतं, नगरसेवकांशी कोण बोलतं, महापौरांना 'हे जमणार नाही' असं कोण सांगतं? नाव छापणार नाही. व्यक्तिगत निरोप पाठवलात तरी चालेल, वेळ तुमच्या सोयीने ठरवू.