'वसाहत' की 'वस्ती'?

प्रश्न : युरोपीय संघाच्या इस्रायलविषयक धोरणावर लेख लिहितोय. वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशातल्या इस्रायली 'सेटलमेंट'ना आपली वर्तमानपत्रं वसाहती म्हणतात. पण वसाहत म्हटलं की एमआयडीसी नाहीतर पोलीस वसाहत आठवते. 'वस्ती' चालेल का?

– वस्ती नको. शेतात चार घरं असली तरी ती वस्ती, आणि ती तिथल्याच माणसांची. वसाहतीत बाहेरून येऊन बसणं आहे. हाच कीस युरोपीय संघाच्या न्यायालयाने पाडलाय. वेस्ट बँकेतल्या रामल्ला शहराजवळच्या प्सागोत या इस्रायली वायनरीच्या खटल्यात 12 नोव्हेंबर 2019 ला निकाल लागला : बाटलीवर नुसतं 'वेस्ट बँक' पुरत नाही, माल इस्रायली वसाहतीतला आहे हेही छापा, नाहीतर गिऱ्हाइकाला तो पॅलेस्टिनी उत्पादकाचा वाटेल. या शब्दातून नुसती जागा कळत नाही, तिथे राहणारे बाहेरून आलेत हेही कळतं, असं न्यायालयाचं म्हणणं.

– सहमत. फ्रेंचमध्ये संघ स्वतःच 'कोलोनी' लिहितो, जर्मनमध्ये 'झीडलुंग'. 'सेटलमेंट' तसंच ठेवू नका हं! सोलापूरकरांना इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखालची, तारेच्या कुंपणातली 'सेटलमेंट' आठवेल.

प्रश्न : बरं, वसाहत. आणि प्रदेश 'वादग्रस्त' लिहू का?

– तो इस्रायल सरकारचा शब्द. संघ 'व्याप्त' म्हणतो. पाकव्याप्त काश्मीरमुळे आपल्याला तो परका नाही. फरक किरकोळ नाही. व्याप्त म्हटलं की युद्धात नागरिकांना संरक्षण देणारा चौथा जिनिव्हा करार लागू होतो, आणि त्याच्या कलम 49 प्रमाणे व्यापणाऱ्या सत्तेला आपली माणसं तिथे नेऊन वसवता येत नाहीत. युरोपीय समुदायाच्या तेव्हाच्या नऊ देशांनी 1980 च्या व्हेनिस जाहीरनाम्यातच या वसाहती बेकायदा ठरवल्या. पुढचं सगळं त्यावर उभं आहे : इस्रायली मालाला मिळणारी जकातीची सवलत वसाहतींतल्या मालाला नाही (माल कुठला ते कळावं म्हणूनच त्याच्या दाखल्यावर पिनकोड लागतो), 2014 पासून संशोधनाचं अनुदानही नाही.

– मात्र 'बहिष्कार' लिहाल तर चुकेल. लेबलाचा नियम म्हणजे विक्रीबंदी नव्हे. संघाच्या या नियमाप्रमाणे वाइन विकता येते, जकात भरून आणि खरा पत्ता छापून.

– एक राहिलं. 'पॅलेस्टाईनमधल्या वसाहती' असं सरसकट नको. गोलान टेकड्या सीरियाच्या, 1967 मध्ये घेतलेल्या. संघाचे नियम तिथल्या वसाहतींनाही लागू आहेत.