डोस नंतर, आधी मास्क

या चर्चेच्या धाग्यात वर म्हटलंय की वजनावरून औषधांचा डोस बिनचूक काढता आला की लहान मुलांच्या भुलीचं निम्मं काम झालं. मला पटत नाही. डोस तक्त्यात बघूनही काढता येतो (आणि बघावाच, पाठांतरावर विसंबू नये). नव्या रेसिडेंटचा (शिकाऊ डॉक्टरचा) हात अडतो तो मास्कवर, म्हणजे तोंडा-नाकावर मास्क धरून बॅग दाबत श्वास देण्यावर. तान्ह्या बाळाला किलोमागे मिनिटाला साधारण ६ ते ८ मिली ऑक्सिजन लागतो, मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट, आणि फुप्फुसातला साठा तोकडा. म्हणून श्वास थांबला की सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) बघता बघता कोसळतं.

बाळाचं डोकं मागून मोठं असतं, त्यामुळे सपाट झोपवलं तरी मान पुढे वाकते. मोठ्यांच्या सवयीने डोक्याखाली उशी सरकवली की श्वासमार्ग आणखी दुमडतो. टॉवेलची घडी खांद्याखाली हवी. बोटं जबड्याच्या हाडावरच ठेवायची. हनुवटीखालचा मऊ भाग दाबला तर जीभ टाळूला चिकटते आणि कितीही बॅग दाबली तरी छाती हलत नाही.

आणखी एक, जे धाग्यात कुणी लिहिलेलं नाही. बाळाचे ठोके मंदावले की सगळे अ‍ॅट्रोपिनकडे (ठोके वाढवणाऱ्या औषधाकडे) धावतात. या वयात त्यामागे बहुतेक वेळा ऑक्सिजनची कमतरताच असते. आधी छाती हलतेय का बघा, शंभर टक्के ऑक्सिजन द्या. नीट बॅगिंग करूनही ठोके मिनिटाला साठच्या खाली आणि रक्ताभिसरण खालावलेलं असेल, तर छाती दाबायला लागायचं.