२७ इंची बॅरिटोन: बी ट्यूनिंगला सहावी तार ढिली, सॅडलची जागा संपली, बँडमध्ये गाळ

कोपरखैरणे_बी:
सेकंडहँड बॅरिटोन इलेक्ट्रिक गिटार (लांब नेकची, साध्या गिटारपेक्षा खालच्या सुरात लावायची) घेतली आहे. स्केल (तारेची वाजणारी लांबी) २७ इंच, टेलीकास्टरसारखी बॉडी, फिक्स ब्रिज, सहा सुटे सॅडल (ब्रिजवर तार टेकते ते पुढे-मागे सरकणारे तुकडे), दोन सिंगल कॉइल पिकअप. ट्यूनिंग बी-ई-ए-डी-एफ शार्प-बी. तारा सध्या साध्या गिटारच्या १२-५४ सेटच्या आहेत (आकडे जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात).
सहावी तार जरा जोरात छेडली की सूर आधी वर चढतो, मग खाली बसतो. १२व्या फ्रेटवर ती १५ सेंट (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर) चढी वाजते आणि सॅडलचा स्क्रू मागे संपलाय. बँडमध्ये बेस, एक साधी गिटार आणि कीबोर्ड आहे, त्यात माझं काहीच नीट कळत नाही, नुसता गाळ. हम, म्हणजे स्पीकरमधली सततची गुणगुण, तीही भरपूर. दुकानात सांगतात बेस अँप घ्या. सुरुवात कुठून करू?

जाडतार:
तारांपासून. बाकी कशालाही हात लावू नका.
२५.५ वरून २७ इंचाला गेल्यावर त्याच तारेचा ताण त्याच सुराला फक्त १२ टक्क्यांनी वाढतो. पण ई वरून बी ला उतरलात की ४४ टक्के ताण जातो. म्हणजे लांब नेकने मिळतं त्यापेक्षा खाली उतरण्यात कितीतरी जास्त जातं. आकडे बघा: साध्या गिटारवर ४६ ची तार ई ला साधारण ८ किलो ताणावर असते. तीच तार तुमच्या गिटारवर बी ला जेमतेम ५ किलोवर येते. ५४ ची येते ७ च्या आसपास, ६२ ची सव्वानऊ किलो.
त्यामुळे बी साठी १३-६२ चा बॅरिटोन सेट घ्या. डॅडारिओचा ईएक्सएल १५८ असाच आहे: १३, १७, २६, ३६, ४६, ६२. यात तिसरी तार गुंडाळलेली येते, ते महत्त्वाचं. तुमच्या १२-५४ मध्ये तिसरी जर २० ची साधी तार असेल तर तीही सुरात बसत नसणार. जाड साधी तार ताठ असते आणि फ्रेटवर चढी वाजते.
ब्रिजमधून आणि ट्यूनरच्या (तार पिळायच्या खुंटीच्या) भोकातून ६२ ची तार (१.५७ मिमी) जाते का ते आधी पाहा. जादा तार कापण्याआधी तिला काटकोनात कडक मोड द्या, नाहीतर वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावर सैल होतं आणि नवी कोरी तार मेल्यासारखी वाजते.

लाकूड_लोखंड_ठाणे:
वर सांगितलंय ते बरोबर, पण नुसता सेट बदलून सॅडलचा प्रश्न सुटणार नाही. क्रम पाळा.
नवा सेट लावून सुरात आणा आणि रात्रभर ठेवा. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि ७व्या-८व्या फ्रेटजवळ तारेखालची फट (रिलीफ) मोजा: ०.२५ ते ०.३ मिमी. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकचा वाक बदलणारी आतली सळई) एका वेळी पाव फेराच. त्यानंतर १२व्या फ्रेटवर तारेची उंची, सहावीला २ ते २.२ मिमी, पहिलीला १.६. बॅरिटोनची जाड तार रुंद हेलकावे घेते, तिला साध्या गिटारएवढी खाली आणाल तर खडखडणारच.
नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी): ६२ च्या तारेला १.६५-१.७ मिमीची खाच हवी. तार खाचेत बसण्याऐवजी वर अडकून राहिली की पहिले तीन फ्रेट बेसूर होतात आणि दोष इंटोनेशनवर (सॅडल सरकवून वरच्या फ्रेटचा सूर जुळवण्यावर) जातो. ट्यूनिंग करताना टिंग असा आवाज आला तर समजा तिथेच अडकतेय. नटफाइल नसेल तर कारागिराकडे द्या, साध्या कानसीने प्रयोग नको. खाच खोल गेली की नटच बदलावा लागतो.
आता इंटोनेशनच्या आधीची एक गोष्ट, जी हमखास राहते: पिकअप खाली घ्या. शेवटचा फ्रेट दाबून जाड तार आणि चुंबकाच्या टोकामध्ये ३ मिमी अंतर ठेवा. सिंगल कॉइलचे चुंबक जाड तारेला ओढतात. तार नीट डोलत नाही, एकाच वेळी दोन सूर ऐकू येतात आणि सूर दाखवणाऱ्या ट्यूनरचा काटा नाचत राहतो. तुमची निम्मी तक्रार इथली असू शकते.
एवढं करूनही सॅडल कमी पडलं तर त्या स्क्रूवरची स्प्रिंग काढून अर्धी कापा. तीन-चार मिमी मिळतात.
क्लिप ट्यूनरला बी चे ६१.७ हर्ट्झ नीट पकडता येत नाहीत. नेक पिकअप, टोन कमी, आणि १२व्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता, तिथे बोट नुसतं टेकवून वाजवलेला सूर). नेहमी वाजवता तेवढ्याच जोराने छेडा.
खाडीजवळची हवा गुंडाळलेल्या तारांना लवकर खाते, कोटेड सेट परवडतो. रिलीफ जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजा.

चौथी_तार_नेरूळ:
बेसवाल्याच्या बाजूने. बेस अँप नको! तुमची खुली बी ६१.७ हर्ट्झ, बेसची खुली ए ५५. म्हणजे तुम्ही त्याच्या अंगणात उभे आहात. बॅरिटोनचं काम वरच्या हार्मोनिक्सवर (मूळ सुराच्या वर उमटणाऱ्या सुरांवर) चालतं, गिटार अँपचा १२ इंची स्पीकर बरोबर आहे. ८० हर्ट्झच्या खाली काटा, २५० च्या आसपास ३-४ डेसिबल कमी करा, गेन नेहमीपेक्षा निम्मा. पिक १ मिमी किंवा जाड.
खालच्या दोन तारांवर पूर्ण कॉर्ड वाजवू नका. तिथे मूळ सूर आणि पंचम पुरेत. गंधार वरच्या तारांवर ठेवा, खाली घेतला की दोन सूर एकमेकांत कालवतात. पन्नासच्या दशकाच्या शेवटी नॅशव्हिलमध्ये सहा तारांचा बेस डबल बेसच्या बरोबरीने तळव्याने दाबून वाजवायचे, त्याला टिक-टॅक म्हणत. ती पद्धत तुमच्या बँडला चालेल: बेसचीच ओळ, एक सप्तक वर, तुटक.
हमचं: आपली वीज ५० हर्ट्झ, त्याचा दुप्पट सूर १०० हर्ट्झ. तुमच्या सहाव्या तारेवर ८वा फ्रेट ९८ हर्ट्झ. त्यामुळे फिल्टरने हम काढाल तर सूरही जाईल, आणि नॉइज गेट (आवाज बारीक झाला की तो बंद करणारं उपकरण) लांब टिकणाऱ्या सुराची शेपटी कापतो. तारेला हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर ग्राउंड वायर ठीक आहे. आत तांब्याची टेप लावा. त्याने खरखर जाते, हम नाही. हमला दोन्ही पिकअप एकत्र वापरून पाहा, नाहीतर नॉइजलेस पिकअप.

कोपरखैरणे_बी:
सेट मागवतो. दोन शंका. एक गाणं ए पर्यंत खाली न्यायचंय, १३-६२ वर जमेल? आणि गायक काळी एकमध्ये गातो, तेव्हा मी कॉर्डचे आकार कुठले धरू?

जाडतार:
ए कायमचं असेल तर १४-६८ घ्या. ए ला त्याचा ताण साधारण बी च्या १३-६२ एवढाच येतो. पण ६८ साठी नटची खाच आणि ट्यूनरचं भोक पुन्हा तपासावं लागेल. एकाच गाण्यासाठी फक्त सहावी तार ए ला उतरवा, बाकी पाच तशाच.

चौथी_तार_नेरूळ:
मी तर एका गाण्यासाठी तेही करणार नाही, ए बेसवाल्याला वाजवू द्या.
पट्टीचं सोपं आहे: आकार धराल त्यापेक्षा पाच अर्धस्वर खाली वाजतं. जी चा आकार धरला की डी ऐकू येतो, एफ चा धरला की सी. काळी एक म्हणजे सी शार्प, म्हणून एफ शार्पचे आकार. ते जड वाटले तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि ई चे आकार. कॅपो मात्र चांगल्या स्प्रिंगचा घ्या, ६२ च्या तारेवर हलका कॅपो एका बाजूने उचलला जातो.